पटावर एकेचाळीस

डोंगरटोला, पो. मोहाडी
९ जानेवारी १९८३

सौ. विमल हिस,
जय भीम.

साकोलीला पोचलीस हे चिंधूच्या कार्डावरून कळलं. तुझ्या भावाने चार ओळींत पाच चुका केल्या आहेत. 'बहीण' हा शब्द तरी नीट लिहायचा, स्वतःचीच आहे. सायकलचे पंक्चर काढतो तेच बरं आहे, मास्तर झाला असता तर पिढ्या बुडवल्या असत्या. असो.

तू का गेलीस हे मात्र कार्डात नाही. मी तुमसरला गेलो होतो, परत आलो तर चूल सारवलेली, भात झाकून ठेवलेला आणि खुंटीवरची तुझी पिशवी नाही. भांडण झालं असतं तर समजलो असतो. भांडण झालं नाही. बत्तीस वर्षं मी पोरांना सांगत आलो की प्रश्न पडला तर उत्तर सापडेपर्यंत पाटीवरून पुसायचा नाही. हा प्रश्न तीन आठवडे माझ्या पाटीवर आहे.

एक उत्तर असं सुचतं की वैनगंगा कुत्रीने रांधणीत पिलं घातली ते तुला आवडलं नाही. पण थंडी होती गं. चुलीजवळ ऊब असते हे तिला कळलं, याचं मला तर कौतुक वाटलं. नऊ पिलांसाठी तिने तुझं पोतं निवडलं, माझं धोतर नाही, याचंही कारण शोधायला हवं. वास असेल. तुझ्या हाताला कण्यांच्या पेजेचा वास असतो.

इथे सगळं ठीक आहे. दहा-बाराच कुत्री आहेत, तू तिकडे चिंधूला वाढवून सांगू नकोस. काल एक तांबडी मादी मोहाडीच्या बाजारापासून माझ्यामागे आली. मी बोलावलं नव्हतं. नुसतं वळून पाहिलं. आता नावाची पंचाईत. आपल्या जिल्ह्याच्या नद्या मागेच संपल्या. सूर, चुलबंद, बावनथडी, गाढवी, सगळ्या झाल्या. मग महाराष्ट्राच्या घेतल्या. एका कुत्र्याला मांजरा म्हटलं तेव्हा तू पदर तोंडाला लावून तीन दिवस हसत होतीस. मग भारतातल्या संपल्या. या तांबडीला मी नाईल म्हणतो. लांब आहे, शोभतं.

कळव.

तुझा,
परसराम

३० जानेवारी १९८३

विमल,

तुझं कार्ड आलं. तुझ्या हातचं पहिलंच पत्र. अक्षर सुधारलं आहे, 'र' अजून पडल्यासारखा दिसतो. 'मंग' नाही, 'मग'. कंदिलाजवळ बसून तुला बाराखडी शिकवली ती मला जाब विचारायलाच, असं दिसतं.

तू लिहितेस, 'घरी किती आहेत ते खरं सांगा. खरं सांगाल तं येईन.' बस, एवढंच? लपवायचं काय त्यात! पटावर एकेचाळीस आहेत. शाळेच्या रद्दीत कोरा राहिलेला हजेरीपट मी घेऊन आलो होतो, त्यात सगळ्यांची नावं आहेत, तारखा आहेत. रोज सकाळी मी हजेरी घेतो. हसू नकोस. नाव घेतलं की ज्याचं त्याचं शेपूट हलतं, दुसऱ्याचं हलत नाही. गाढवी तर स्वतःचं नाव येईपर्यंत बसून राहते आणि झालं की उठून जाते, अगदी आपल्या शाळेतल्या मागच्या बाकासारखी. जनावराला नाव कधी कळतं, किती दिवसांत, याच्या मी नोंदी ठेवल्या आहेत. सर्वांत कमी चार दिवस, बावनथडी. सर्वांत जास्त मांजरा, अडीच महिने. त्याला अजून शंका आहे.

पट का ठेवतो ते तुला माहीत आहे, तरी लिहितो. अडुसष्ट साली शाळेचा पट घसरला होता. आणखी चार पोट्टे गेले असते तर दुसरा मास्तर उचलला असता. तेव्हा जी घरं कामासाठी रायपूरकडे गेली त्यांच्या पोरांची नावं मी कमी केली नाहीत. गैरहजर लिहीत राहिलो. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, गुरुजी, ही गुलाब कोण, दोन वर्षं गैरहजर? मी म्हटलं, येईल. आणि आली ना! उंच झालेली, परकर आखूड झालेला. मी नाव घेतलं तर म्हणाली, "हजर जी." तिचं नाव पटावर आहे याचं तिला काही वाटलंच नाही, असणारच असं धरून बसली. त्या दिवसापासून मी ठरवलं की नाव कमी करायचं नाही. गैरहजर म्हणजे नाही असं नव्हे.

आणि तू करुणेचं विसरू नकोस. विहारात आपण काय ऐकतो? सिद्धार्थाने बाण लागलेला हंस उचलला, तो देवदत्ताला दिला नाही. जो जीव वाचवतो, जीव त्याचा. मग मी काय वेगळं करून राहिलो?

परसराम

२० फेब्रुवारी १९८३

विमल,

तुझ्या कार्डाचं उत्तर मी आठ दिवस दिलं नाही. मुद्दाम दिलं नाही. राग आला होता.

'सिद्धार्थानं एकच हंस उचलला होता जी. अन् मी घरातलं इचारलं, तुम्ही पटावरचं सांगता.'

दोन ओळी. एवढं तुला कोणी शिकवलं? मी तर नाही शिकवलं.

राग जरा उतरला तो एका बातमीने. मोहाडीच्या बाजारात भाजी विकणारी ताराबाई सांगत होती की बपेऱ्याला एक बाई आहे, धुरपताबाई नावाची, तिनं शेकडो कुत्री-मांजरं वाचवली. शेकडो! मला वाटलं, चला, आपल्यासारखं कोणीतरी आहे. गावात मला खुळा म्हणतात हे मला माहीत नाही असं समजू नकोस. शेजारचा श्यामराव तोंडावर म्हणतो. म्हणून मला पाहायचं होतं की दुसरा खुळा कसा दिसतो. तुमसरहून बपेऱ्याची गाडी धरली.

गाडीतून उतरलो आणि कान देऊन उभा राहिलो. शंभर कुत्री म्हणजे फाट्यापर्यंत आवाज यायला पाहिजे. काही नाही. विचारत विचारत घर गाठलं. आंगण सारवलेलं, एका बाजूला धानाच्या तनसाचा ढीग, पन्नाशीची एक धिप्पाड बाई धान पाखडत बसलेली. पायरीवर एक लंगडा कुत्रा आणि सुपाजवळ कान फाटलेली मांजर. बस. दोन.

मी म्हटलं, "बाकीचे कुठं आहेत?"

"बाकीचे कोनते?"

"लोक म्हणतात तुम्ही शेकडो वाचवले."

"वाचवले ना जी. वाचले तं इथं कायले राहतीन?"

खरं सांगतो, मला जरा फसवल्यासारखं वाटलं. इतक्या लांब आलो आणि दोनच! मग वर पाहिलं तर ओसरीच्या आड्याला दोऱ्या लटकलेल्या. काथ्याच्या, सुताच्या, लुगड्याच्या काठाच्या, वीतभर, हातभर, किती ते मोजता येईना. म्हटलं, हे काय?

"दावी आहेत."

आपल्याकडे गाय-बैल विकला की दावं देत नाहीत, गोठ्यातली लक्ष्मी त्याच्यासंगं जाते म्हणून. तुझा बाप बाजारात त्यावरून कसा भांडायचा ते आठवतं ना? ही बाई कुत्र्या-मांजराचंही तेच करते. घेणाऱ्याने स्वतःचं दावं घेऊन यायचं. हात हलवत आला तर परत पाठवते. म्हणाली, "ज्याच्या घरी हातभर दोर नाही गुरुजी, त्याच्या घरी वाटीभर पेज कुठून राहीन? जो दोर आनते तो घरून इचार करून आला असते." आणि दिल्यावर पंधरा दिवसांनी, न सांगता, स्वतः पाहायला जाते. जनावर उन्हात बांधलेलं दिसलं तर दोर सोडून परत आणते आणि त्या घरच्या सात पिढ्या उद्धारते. एक पिलू तिने न पाहता दिलं होतं, ते मेलं. त्याचं दावं वेगळ्या खुंटीला आहे.

मी विचारलं, "देताना जीव तुटत नाही?"

"तुटते. तुटते तं तुटते. माझा जीव माझ्यापाशी. तो त्याच्या गळ्यात कायले बांधू?"

मग तिने विचारलं, "तुमच्याकडे किती?"

मी सांगितलं, पटावर एकेचाळीस. तिला पट म्हणजे काय ते समजावलं. ती इतकी हसली की सुपातलं धान सांडलं. म्हणाली, "येतो मी एक दिवस, तुमची शाळा पाहाले."

बाई विचित्र आहे. पण मला तिच्या आणखी पुष्कळ गोष्टी विचारायच्या आहेत.

परसराम

१६ मार्च १९८३

विमल,

धुरपताबाई येऊन गेली.

साहेबांच्या तपासणीला करायचो तशी तयारी केली होती. आंगणात चुना मारला, पोती झटकली. तीन जणांना मागच्या खोलीत ठेवलं. सकाळच्या गाडीने ती आली, दारात उभी राहिली आणि पदर नाकाला लावला. मला वाटलं, प्रवासाने मळमळत असेल. मी म्हटलं, पाणी देऊ का? तिने मान हलवली.

"घ्या हजेरी," म्हणाली आणि तनसाची एक मूठ हातात घेऊन उंबऱ्यावर बसली.

मी पट उघडला. वैनगंगा. हजर. सूर. गैरहजर. तिने एक काडी मोडून बाजूला टाकली. चुलबंद. गैरहजर. "कधीपासून?" म्हटलं, कार्तिकापासून. दुसरी काडी. बावनथडी हजर, गाढवी हजर, मांजरा हजर पण उठला नाही. पिलांची नावं मी उपनद्यांची ठेवली होती. त्या पानावर काड्याच काड्या. मोडलेल्या काडीचा तेवढा आवाज. शेवटी नाईल. मी थांबलो. म्हटलं, हजर, मागच्या खोलीत आहे.

तिने काड्या माझ्यापुढे सरकवल्या. सतरा.

"एकेचाळीस नावं वाचली गुरुजी. जिते चोवीस."

मी म्हटलं, काही पळाले असतील. काही येतील. ती उठली आणि पाण्याचं घमेलं पाहिलं. त्याला आतून हिरवं शेवाळ धरलं होतं. "यायले पानी कोन देते?"

"मी."

"आज दिलं?"

विमल, पाणी तू देत होतीस. हे मला त्या क्षणापर्यंत आठवलंच नव्हतं. मी नावं द्यायचो, नोंदी लिहायचो, आणि मला वाटायचं मीच सगळं करतो. तू दिवसाला किती खेपा घालायचीस, विहिरीपासून? मी मोजल्या नाहीत. सगळं मोजलं, तेवढं नाही मोजलं.

तिने स्वतः घमेलं घासलं, मी पाणी ओढलं. बारा बादल्या लागल्या आणि माझी कंबर गेली. मग ती मागच्या खोलीकडे गेली. खोलीचं पुढच्या पत्रात लिहीन. आज नाही लिहिता येत.

परसराम

११ एप्रिल १९८३

विमल,

खोलीचं लिहितो.

त्या तिघांना खरूज होती, दोघांना तर कातडीच उरली नव्हती. नाईलच्या मागच्या अंगात गाठ होती, फुटलेली. जानेवारीपासून होती. तू विचारशील की ढोराच्या दवाखान्यात का नेलं नाही. पाऊण कोसावर आहे. मीही स्वतःला विचारलं. डॉक्टर काय म्हणतील ते मला माहीत होतं, म्हणून नेलं नाही. दार लावलं, पेज आत सरकवली आणि पटावर हजर लिहिलं.

धुरपताबाईने मला हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं, मोठ्या पोराला धरून शाळेत नेतात तसं. डॉक्टर चांगला माणूस. घरी आले. दोघे बरे होतील म्हणाले, झालेही. नाईलचं काही होणार नव्हतं. त्यांनी सुई काढली तेव्हा मी बाहेर निघालो होतो. धुरपताबाई म्हणाली, "गुरुजी, आनली तुम्ही ना? मंग डोकं तुम्हीच धरा." मी धरलं. नाईलने माझ्याकडे पाहत डोळे तसेच ठेवले. मी रडलो. डॉक्टरांसमोर, बाईसमोर, कुंपणावरून डोकावणाऱ्या श्यामरावासमोर रडलो. खड्डा मी खणला.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्यामराव दारात. हातात नवा काथ्याचा दोर. मी म्हटलं, कोंबड्यांबद्दल भांडायला आलास का? म्हणतो, "ते कुत्री द्या जी मले, गाढवी. माझ्या कोंबड्या तेच खाते, मंग माझ्याच घरी खाऊ द्या." इतकी वर्षं शेजारी राहतो हा माणूस, मला वाटायचं त्याला जनावरांचा राग आहे. राग माझ्या आंगणाचा होता.

मी त्याला रीतसर दाखला लिहून दिला. विद्यार्थ्याचे नाव, गाढवी. वर्तणूक, बरी. शाळा सोडण्याचे कारण, घर मिळाले. त्याने तो घडी करून खिशात ठेवला. पटावर मी तिच्या नावावर लाल रेघ ओढली. जन्मात पहिल्यांदा. रेघ सरळ आली.

मग ताराबाईने पैनगंगा नेली, मोहाडीला. एक जोडी आंधळगावला गेली. वैनगंगा धुरपताबाईच्या ओळखीच्या एका शेतावर गेली, मोहाच्या झाडाखाली, तिथे तिला फुलं वेचणाऱ्या बायांची सोबत आहे. जे दोर न घेता आले त्यांना मी परत पाठवलं. एकाने तर माझाच दोर मागितला! अस्सा हाकलला त्याला.

पंधरा दिवस झाले म्हणून पैनगंगेला पाहायला गेलो. मला मनातून जाणून घ्यायचं होतं की कुत्रं विसरायला किती दिवस घेतं. तिने मला ओळखलं. आली, हात चाटला, शेपूट हलवलं. आणि मग परत जाऊन ताराबाईच्या वांग्यांच्या पोत्याला टेकून झोपली. मी अर्धा तास उभा होतो. ती दोनदा डोळा उघडून पाहून घेत होती की हा माणूस अजून का उभा आहे. आधी मला इतका राग आला! मग लक्षात आलं की तिच्या अंगावर केस आले आहेत. माझ्याकडे होती तेव्हा नव्हते.

विमल, मी त्यांना ठेवून घेतलं होतं की त्यांनी मला ठेवून घ्यावं असं वाटत होतं, हे मला अजून नीट कळलेलं नाही. शाळा सुटली तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांचा होतो आणि सकाळी साडेदहाला माझं नाव घेणारं, माझ्यासाठी उठून उभं राहणारं कोणी उरलं नव्हतं. हे कारण असेल. कारण म्हणून सांगतो, सबब म्हणून नाही.

परसराम

२ मे १९८३

विमल,

आज पुस्तकी भाषेत लिहिता येत नाही. चुका दिसल्या तं दिसू दे.

तू काहून गेली, हे मी जानेवारीपासून तुले इचारून राहिलो. खोटं इचारून राहिलो. मले माहीत होतं.

तू गेली त्याच्या आदल्या दिवशी मी बाजारातून आलो होतो, खांद्यावर नवं पिलू. आंगणात बसलो अन् हजेरी घेतली, कारण सकाळी राहिली होती. तू घरामागच्या सांदवाडीतून आली. कोपरापर्यंत हात मातीनं भरले होते. हातात कुदळ. सूर सकाळीच मेला होता, मी निघालो तेव्हाच पोतं पांघरून पडला होता, अन् मी पाहिलं होतं. पाहून गेलो होतो. मी तुझ्यापुढं नाव घेतलं, "सूर." तू उभी राहिली. मी तुझ्या हाताकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं, अन् लिहिलं, गैरहजर. तुले वाचता येते. तू वाचलं.

मंग मी तुले चहा मागितला.

तू केला. आणून दिला. दुसऱ्या दिवशी मी तुमसरले गेलो अन् तू साकोलीले.

एवढंच आहे. याच्यापुढं काही कारण नाही, अन् मी चार महिने कारणं जमा करत बसलो.

आता घरातलं सांगतो, पटावरचं नाही. तीन आहेत. दोनच ठेवीन असं धुरपताबाईले कबूल केलं होतं, तिसरा मांजरा आहे. एक डोळा गेला त्याचा, म्हातारा झाला, कोणी दोर घेऊन येत नाही त्याच्यासाठी. आला कोणी तं देईन. तुले नको असन तं बपेऱ्याची बाई घ्याले तयार आहे. तू सांगशील तसं.

नाईल धरून अठरा मेले. सात तू गेल्यावर मेले, ते मी पुरले, म्हणजे मले माहीत आहेत. अकरा तू पुरले असशील. सारे सीताफळाखाली का? मी तिथं जाऊन उभा राहतो, पण कोण कुठं आहे ते मले माहीत नाही. तुले माहीत आहे. तू एकटीनं केलं ते. मी त्यातल्या एकाही खड्ड्यावर उभा नव्हतो. मले लाज वाटते, विमल. याच्याहून चांगला शब्द मले येत नाही.

तू नाही आली तरी मी तुले दोष देणार नाही. पण ये.

परसराम

साकोली
१४ मे १९८३

गुरुजी,

जय भीम.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. चिंधूच्या पोरीनं वाचून दाखवतो म्हटलं, मी नाही दिलं तिले. तुमच्या चुका होत्या, चांगल्या वाटल्या.

अकरा नाही. तेरा पुरले मी. दोघं वैनगंगेचे होते, नऊ तुम्ही मोजले, अकरा जन्मले होते. तुम्ही उठायच्या आधी मेले. डोळे उघडले नव्हते, तुम्ही नावं ठेवलीच नाही त्यायची. मीही नाही ठेवली. सारे सीताफळाखाली नाहीत, जागा पुरली नाही. सूर विहिरीकडच्या बांधाजवळ आहे. येऊन दाखवतो.

मी रागानं गेली असं तुम्हाले वाटलं असन. हात धुवाले पाणी नव्हतं त्या दिवशी घरात. शेवटची बादली त्यायले दिली होती. तुम्हाले चहा केला तो ठेवणीतल्या तांब्यातल्या पाण्याचा. नखातली माती साकोलीले येईपर्यंत तशीच होती. भावजयनं इचारलं, काय लावत होती वं? मले रडू आलं.

मलेही त्यायची आठवण येते. बावनथडी माझ्या पायाशी झोपे. तिले दिली का ठेवली ते तुम्ही लिहिलं नाही. तेही सांगजा. मले मीच त्यायले सोडून आल्यासारखं वाटलं, म्हणून मी तुमच्यावर जास्त चिडली.

मांजराले राहू द्या. बाकीचे दोन कोण ते मी आल्यावर पाहीन. मागची खोली मले पायजे, तिथं माझी चटई टाकजा, चुना मारून. पाणी आता दोघंही ओढू. तुमची कंबर गेली तं माझीही गेलीच आहे. अन् पट तुमच्या टेबलावर राहू द्या, मी रोज वाचीन.

आयतवारच्या सकाळच्या गाडीनं येतो. मोहाडीच्या स्टँडवर थैली घ्याले येजा. रस्त्यात कोणी मागं आलं तं वळून पाहू नका.

एकटेच येजा.

विमल